एकटी आणि रिकाम्या हाती: मावळच्या वाटा, बायका आणि धावणं

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की हा इतिहासाचा विषय कसा काय झाला. एखादी बाई पहाटे उठते, बूट घालते आणि एकटीच धावायला निघते. तिला भीती वाटते, संकोच वाटतो. ही तर आजची गोष्ट आहे. पण भीतीला आणि संकोचालाही इतिहास असतो. काही भीती शिकवलेली असते, काही अनुभवातून आलेली असते, आणि दोन्हींची सरमिसळ होऊन ती आईकडून मुलीकडे जाते. ही सरमिसळ आज आपण थोडी सोडवून पाहू. त्यासाठी टापू घेतला आहे मावळचा: लोणावळा, कामशेत, वडगाव, पवना खोरं. असं का, तर या भागात बायका वाटेवर नव्हत्या असं कुठल्याच काळाबद्दल म्हणता येत नाही.

सुरुवात बेडसे लेण्यांपासून करू. कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या डोंगरात ही लेणी आहेत. तिथे पाण्याच्या एका टाक्यावर ब्राह्मी लेख आहे. हे टाकं एका स्त्रीनं दान दिलं. तिचं नाव सामडिनिका. लेख तिला महारठिनी म्हणतो, ती महाभोजाची मुलगी असल्याचं सांगतो आणि आपदेवणकाची बायको असल्याचंही सांगतो. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मावळच्या डोंगरात एका बाईचं नाव दगडात कोरलं गेलं, पण त्याच ओळीत वडील आणि नवराही आले. आजही गावाच्या रस्त्यावर अनोळखी मुलगी दिसली की पहिला प्रश्न येतो, "कुणाची गं तू?" आणि लग्न झालेली असेल तर, "कुठं दिली?" हा प्रश्न प्रेमानंही विचारला जातो, हे खरं. पण त्याचा अर्थ असा की वाटेवरची बाई कुणाची तरी असावी लागते.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. कामाचा जोर होता तेव्हा, १८६१च्या सुमारास, घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि त्यांत बायकाही होत्या. टोपलीत खडी-माती भरायची, डोक्यावर घ्यायची, चढ चढायचा. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ते कंत्राट पुढे चालवलं आणि अभियंत्यांच्या मदतीनं पुरं केलं. तिचं नाव इतिहासात राहिलं, टोपलीवाल्या बायकांची राहिली नाहीत. पण दोघींत एक साम्य आहे. दोघींच्याही घाटात असण्याला एक मान्य कारण होतं. एकीपाशी दिवंगत नवऱ्याचं अपुरं काम होतं, दुसरीच्या डोक्यावर टोपली.

हे साम्य लक्षात ठेवा, कारण आज आम्हाला जे म्हणायचं आहे त्याचा तो गाभा आहे. मावळातली बाई कायम वाटेवर होती, आणि अनेकदा एकटीही होती. सरपणाची मोळी घेऊन डोंगर उतरणारी, पाण्याचा हंडा आणणारी, उन्हाळ्यात करवंदं-जांभळांची पाटी घेऊन स्टेशन गाठणारी. तिनं रोज किती किलोमीटर तुडवले याची कुणी गणती केली नाही. पण तिच्या डोक्यावर किंवा कमरेवर काहीतरी ओझं होतं आणि ते ओझं म्हणजेच तिचा परवाना होता. "कुठं निघालीस?" या प्रश्नाला तिचं ओझंच उत्तर देत होतं. वारीचंही पाहा. देहूहून पंढरपूरपर्यंत बायका आनंदानं चालतात, घरदार मागे ठेवून चालतात, पण कितीतरी जणींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असतं. तिथे चालण्याला देवाचं कारण आहे आणि सोबतीला दिंडी आहे.

धावणाऱ्या बाईच्या हातात काहीच नसतं. तिला कुठे पोचायचं नसतं. ती जिथून निघते तिथेच परत येते. आपल्या समाजाला अवघड जातं ते हेच.

हे बायकांना स्वतःला माहीत नव्हतं असं नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी भागातल्या बायकांसोबत काम करताना जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हा संग्रह एक लाखाच्या वर गेला, आणि आज त्यातल्या बऱ्याच ओव्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. वाटेवरची परक्याची नजर, विनाकारण आलेला आळ, मुलीला जपून राहायला सांगणारी आई हे विषय त्यांत येतात. या बायका भित्र्या नव्हत्या. श्वापदांच्या रानात त्या सरपणाला जात. त्यांना धास्ती होती ती बोलण्याची. जनावर एकदाच चावतं, आळ जन्मभर पुरतो. आज जिला धावायला जायचं आहे तिच्या मनात "काही झालं तर?" हा प्रश्न असतो, पण त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, "काही झालं तर लोक मलाच विचारतील, तू तिथे का गेली होतीस?" दुसरा प्रश्न फार जुना आहे.

कपड्यांचंही तसंच. आषाढात पवना खोऱ्यात भातलावणी चालते. बाया लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या असतात, वर पाऊस कोसळत असतो. रस्त्यानं जाणारा माणूस त्यांच्या उघड्या पोटऱ्यांकडे टक लावून पाहत नाही. पण त्याच रस्त्यावर ट्रॅक पँट आणि टीशर्ट घातलेली, नखशिखान्त झाकलेली मुलगी धावताना दिसली की मोटारसायकली हळू होतात. तेव्हा प्रश्न कपड्याच्या लांबीचा नाही. एक शरीर कामाला जुंपलेलं आहे, दुसरं स्वतःच्या मर्जीनं हलतं आहे, आणि नजर त्या मर्जीकडे वळते.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. जर्मनीच्या लिना राडकेनं ती विश्वविक्रमी वेळेत जिंकली. पण शर्यतीनंतर काही जणी दमून खाली बसल्या, आडव्या झाल्या, त्याचं वर्तमानपत्रांनी भयंकर चित्र रंगवलं. दमलेला पुरुष पडला तर तो शूर, बाई पडली तर ती नाजूक! ही शर्यत बंद झाली ती थेट १९६० सालच्या रोम ऑलिम्पिकपर्यंत. १९६६ साली बॉबी गिब बॉस्टन मॅरेथॉन धावली, पण कशी? झुडपात लपून, भावाची चड्डी आणि डोक्यावर टोपी असलेला सदरा घालून, ओळखू येऊ नये म्हणून. बरोबरच्या पुरुष धावपटूंनी तिला ओळखलं आणि चक्क प्रोत्साहन दिलं, तेव्हा तिनं तो सदरा काढून टाकला. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झर २६१ क्रमांक लावून धावली, तर एका अधिकाऱ्यानं तिला रस्त्यातच धरून बाहेर ओढायचा प्रयत्न केला. त्या स्पर्धेत बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ साली, आणि ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून दुचाकीवर निघणाऱ्या आपल्या पुण्याच्या मुलींना बॉबी गिबचा तो सदरा परका वाटायचं कारण नाही.

आता आपल्या पुणे जिल्ह्यातली एक बाई. लता भगवान करे. साठी ओलांडलेली, बारामतीत मोलमजुरी करून राहणारी. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते, म्हणून २०१३ साली ती बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरली. नऊवारी नेसून, अनवाणी धावली आणि जिंकली. पुढेही जिंकली. तिच्यावर २०२० साली चित्रपट आला, त्यात तिनं स्वतःच काम केलं. महाराष्ट्रानं तिला डोक्यावर घेतलं आणि ते योग्यच होतं. पण एक प्रश्न विचारून पाहू. हीच बाई "मला पहाटे धावावंसं वाटतं" एवढंच म्हणून निघाली असती तर? नवऱ्याचं आजारपण हे तिचं ओझं होतं. आपण टाळ्या वाजवल्या त्या तिच्या पायांना की त्या ओझ्याला, हे ज्यानं त्यानं स्वतःशी तपासावं.

ओझं उतरवणाऱ्याही आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत भारतीय महिला दिसली ती १९८४च्या पी. टी. उषानंतर तेव्हाच. या दोघींनी ग्रामीण महाराष्ट्रात एक मोठं काम केलं. मुलगी रस्त्यावर धावताना दिसली की "भरतीची तयारी करतेय" किंवा "स्पर्धेला जाणार असेल" असं लोक म्हणू लागले. म्हणजे धावण्याला एक कारण मिळालं. पण चाळिशीची, दोन मुलांची आई, जिला कुठलीच भरती द्यायची नाही, ती अजून या कारणाच्या बाहेरच उभी आहे.

आता सुरक्षिततेकडे येऊ. या विषयावर गोड बोलून चालणार नाही. नोव्हेंबर २००७मध्ये गहुंजे इथे, म्हणजे मावळ तालुक्यातच, रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर सामूहिक बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. गुन्हेगार कोण होते? तिला कामावर नेण्यासाठी आलेल्या गाडीचा चालक आणि त्याचा साथीदार. ती एकटी चालत नव्हती, भटकत नव्हती. जी व्यवस्था सुरक्षित म्हणून ठरवून दिली होती, त्याच व्यवस्थेत हे घडलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवालही वर्षानुवर्षं सांगतात की नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. याचा अर्थ निर्जन रस्त्यावर धोका नाही, असा मुळीच नाही. अर्थ इतकाच की "घरात थांब, सुरक्षित राहशील" हा सल्ला आकड्यांवर टिकत नाही. कायदाही हळूहळू सरकला आहे. पाठलाग करणं हा २०१३पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये येतो. "नुसता मागून तर येत होता" असं म्हणून तक्रार झटकायला त्यामुळे जागा उरलेली नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या अभ्यासावर २०११ साली 'व्हाय लॉइटर' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा आपल्या मावळच्या टोपलीला नेमका लागू पडतो. बाईला सार्वजनिक जागेत सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं: हातात पिशवी, कानाला फोन, घाईची चाल. विनाकारण तिथे असण्याचा हक्क मिळाला, तरच ती जागा तिची झाली.

मग सुरुवात करणारीनं करायचं काय? इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. नजर बदलते ती रोज तेच पाहून. १८४८नंतर सावित्रीबाई फुले पुण्यात शाळेत जाताना अंगावर शेण-दगड झेलत होत्या आणि सोबत जादा लुगडं नेत होत्या, असं सांगतात. त्यांचं काम थोर होतं, पण रोज त्याच वाटेनं जाणं हेसुद्धा एक काम होतं. लोणावळ्या-कामशेतच्या बाईलाही तेच उपयोगी पडतं. सुरुवातीला एक ठरलेली वाट आणि ठरलेली वेळ. दूधवाला, चहाची टपरी, शाळेचा शिपाई यांना चेहरा ओळखीचा होऊ द्यावा. पहिले काही आठवडे मैत्रीण सोबत असली तर उत्तम, कारण एकटीचा आत्मविश्वास पुष्कळदा दोघींत तयार होतो. वाट ओळखीची झाली की मग वेळा आणि वाटा बदलत राहाव्यात, म्हणजे कुणाला आपला माग ठेवता येत नाही. लोणावळ्यात शनिवार-रविवारी पावसाळ्यात भुशी धरणाकडे पर्यटकांचा लोंढा असतो, तेव्हा तो रस्ता सोडून द्यावा. धुक्यात जुन्या हमरस्त्यावर ट्रकवाल्याला माणूस दिसत नाही. त्यामुळे उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं, उजळ रंगाचे कपडे घालून धावावं. एक कान मोकळा, घरी वाट सांगितलेली, फोनमध्ये ११२. ही काळजी पुरुषानंही घ्यावी अशीच आहे. ती घेतल्यावर उरते ती भीती बरीचशी जुन्या आळाची असते, आणि तिच्यावर सावधगिरीचा उपाय चालत नाही. तिच्यावर उपाय एकच, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं.

आणि हे सगळं तिच्या एकटीवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. रस्त्यावरचे दिवे ही ग्रामपंचायतीची आणि नगरपरिषदेची जबाबदारी आहे. मोटारसायकल हळू न करता पुढे जाणं ही पुरुषांची. "एवढ्या सकाळी कुठं?" असं न विचारता चहा झाकून ठेवणं ही घरच्यांची.

लोणावळ्यात आता अल्ट्रा मॅरेथॉन होते, ३५ आणि ५० किलोमीटरची. तीत बायका पहाटेच्या अंधारात घाटमाथ्याच्या रस्त्यांवर धावतात. त्या रात्री रस्त्यावर स्वयंसेवक असतात, पाणी असतं, रुग्णवाहिका असते. आमचा प्रश्न त्या रात्रीचा नाही, त्यानंतरच्या सोमवारचा आहे. त्या सोमवारी वळवणच्या रस्त्यावर एखादी बाई एकटी, छातीवर क्रमांक नसताना, नुसती धावावंसं वाटलं म्हणून धावताना दिसली, तर आपण तिच्याकडे कसं पाहू?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.