मूळ पाप, पूर्वसंचित आणि आमचा प्रश्न

मी नागपूरच्या नंदनवन भागात राहतो. नंदनवन म्हणजे पुराणातील इंद्राची बाग. आमच्या नंदनवनात मात्र माझे बालपण झोपडपट्टीत, उघड्या नालीच्या काठावर गेले. १९९६ च्या पावसाळ्यात माझी चार वर्षांची बहीण गॅस्ट्रोने गेली. शेजारची म्हातारी आईला म्हणाली, "मांगच्या जल्माचे भोग हायेत, बाई." दवाखान्यातील ख्रिस्ती नर्सबाई रात्रभर पोरीच्या उशाशी बसल्या होत्या. त्या आईचा हात धरून म्हणाल्या, "देवाची इच्छा. त्याच्या मनातलं आपल्याला कळत नाही." वडील काहीच बोलले नाहीत. सकाळी ते नळाची लाइन पाहून आले आणि एवढेच म्हणाले, "नळाच्या पायपात नालीचं पानी शिरून रायलं."

घरातला पहिला पदवीधर होऊन मी महाविद्यालयात इतिहास शिकवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की आमच्या घरात त्या दिवशी उच्चारल्या गेलेल्या तिन्ही वाक्यांना मोठा इतिहास आहे. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी तो समजून घ्यावा, म्हणून हे लिहितो आहे.

ख्रिस्ती धर्मविचारापुढचा पेच असा : ईश्वर सर्वशक्तिमान आहे, सर्वज्ञ आहे आणि प्रेमळही आहे, मग दुःख आणि दुष्टता आली कोठून? बायबलच्या आरंभीच एक उत्तर आहे, आणि तेही एका बागेतलेच. एदेन बागेत आदाम आणि हव्वा यांनी आज्ञाभंग केला आणि पाप जगात शिरले. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी या कथेला सिद्धांताचे रूप दिले. वाईटाला स्वतंत्र अस्तित्व नाही, चांगल्याचा अभाव म्हणजे वाईट. ते मानवाच्या इच्छास्वातंत्र्याच्या दुरुपयोगातून आले आणि आदामाचा दोष त्याच्या सर्व वंशजांत उतरला. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन यांनी ईश्वरी योजनेवर भर दिला. जगात योगायोग असा नाहीच. जे घडते ते ईश्वराच्या संकल्पाने घडते.

याच परंपरेतले स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी. १८४६ मध्ये त्यांनी येथे शाळा काढली. पुढे १८८३ मध्ये सुरू झालेले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. येथील खडक, जीवाश्म आणि गोंड समाज यांचा त्यांनी कसून अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. ज्या श्रद्धेने त्यांना येथे आणले, तिच्या हिशेबी हा पूरही ईश्वरी योजनेच्या बाहेरचा नव्हता. अशा श्रद्धेने माणसाला धीर मिळतो, हे मी नाकारत नाही. पण धीर मिळणे वेगळे आणि कारण कळणे वेगळे.

हिस्लॉप नागपुरात येण्याच्या सुमारास काशीत एक मराठी पंडित याच प्रश्नावर मिशनऱ्यांशी वाद घालीत होता. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, जन्म १८२५, चित्पावन ब्राह्मण. जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ख्रिस्ती धर्माची थोरवी सांगणारा 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याला गोऱ्ह्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिले. पूर्वजन्म नसेल, तर एक जन्मतः सुखी आणि दुसरा जन्मतः दुःखी का? मग ईश्वर पक्षपाती ठरत नाही काय? मुद्दा बिनतोड वाटतो. पुढे १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनीच बाप्तिस्मा घेतला, ते नेहेम्या गोऱ्हे झाले आणि 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी हिंदू दर्शनांचे खंडन केले.

एकाच माणसाने आयुष्यात दोन्ही बाजू लढवल्या. पण दोन्हीकडे एक गोष्ट कायम राहिली. काही माणसे जन्मतःच खाली असतात, हे दिसते. त्यांना खाली कोणी ठेवले, हा प्रश्न पुढे येत नाही. कर्मवादी म्हणतो, तुझ्या पूर्वजन्माने. ईश्वरवादी म्हणतो, त्याच्या अगम्य इच्छेने. गावकी, मनुस्मृती, जमिनीची मालकी, पाणवठा, या सर्वांना साक्षीला बोलावलेच जात नाही.

ही साक्ष घेतली ती बाबासाहेबांनी. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवरचा त्यांचा इंग्रजी निबंध त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात तो १९८९ मध्ये आला. त्यात ते नेमक्या जागी बोट ठेवतात. अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याच्या अधोगतीचे कारण त्याचे कर्म होते. तो ख्रिस्ती झाला की तेच कारण आदामाचे पाप होते. दोन्हीकडे परिस्थिती निर्दोष सुटते आणि लढण्याची प्रेरणा मारली जाते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' (१९५७) या ग्रंथातही त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत याच कसोटीवर घासला आहे. हा सिद्धांत दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून काढून घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात आमच्या आजीने दीक्षा घेतली, ती केवळ देव बदलण्यासाठी नव्हती. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, हा विचार तिने स्वीकारला होता.

ख्रिस्ती विचारात दुसरा आवाजच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे पाहून येशूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो, आणि त्या माणसाला दृष्टी देतो. आमच्या शेजारणीच्या वाक्याला याहून चोख उत्तर कोणते? १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या बाजूने ईश्वरविद्या मांडायला आरंभ केला. पुढे तिलाच दलित ईश्वरविद्या हे नाव मिळाले. तिच्यातला ईश्वर वरून दुःख वाटणारा राहत नाही, तो दलितांच्या बाजूचा, स्वतः दुःख सोसणारा होतो. आम्ही बौद्धांनी तो ईश्वर मानावा असे नाही. पण गावकुसाबाहेरच्या ख्रिस्ती भावाशी बोलताना हा धागा आपण सोडू नये. त्याचे आणि आपले दुःख एकाच व्यवस्थेने घडविले आहे.

त्या नर्सबाईंविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. आमच्या पोरीजवळ त्या रात्रभर जागल्या. त्यांचे उत्तर मला पटत नाही, त्यांचे जागणे पटते. वडिलांनी मात्र चौदाव्याच्या आत वस्तीतली माणसे गोळा केली, गढूळ पाण्याने भरलेल्या बाटल्या घेतल्या आणि सगळे मिळून कचेरीत गेले. बरेच हेलपाटे झाले. पुढच्या पावसाळ्यापूर्वी ती पाइपलाइन बदलली गेली.