दोन हजार टक्क्यांची हळद

हैदराबादेत सुलतान बाजार-काचीगुडा भागातल्या औषधांच्या दुकानांत हळदीच्या अर्काच्या बाटल्या आता जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या रांगेत बसल्या आहेत. बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली, तर बहुतेकींवर साधारण एकच मजकूर सापडतो : हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात कुर्क्युमिनॉइड्स ९५ टक्के, सोबत काळ्या मिरीचा अर्क ५ मिलिग्रॅम. आणि पुढच्या बाजूला ठळक टायपात, शोषण २००० टक्के अधिक. या प्रत्येक आकड्याचं गाव वेगळं, साल वेगळं. त्यांची कुळी शोधत गेलं की वाट फिरून पुन्हा हैदराबादलाच येते, आणि तिथे जे कळतं ते लेबलावर छापलेलं नाही.

आधी ९५ टक्के. वाळलेल्या हळकुंडात कुर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं; जातीप्रमाणे थोडं कमी, थोडं जास्त. निजामाबादची हळद आणि निजामाबादच्या शेजारच्या नांदेड, हिंगोली, वसमतची हळद ही १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यातली. आज राष्ट्रीय हळद मंडळ निजामाबादला आहे आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. शेतकरी गड्डे आणि बगल गड्डे वेगळे करतो, काहिलीत किंवा वाफेच्या कुकरमध्ये शिजवतो, खळ्यावर पंधरवडाभर वाळवतो आणि ड्रममध्ये घोळवून पॉलिश करतो. कॅप्सूलचं काम इथून पुढे सुरू होतं. हळदीची भरड द्रावकात भिजवून तिचा घट्ट, नारिंगी ओलिओरेझिन काढतात आणि त्यातून कुर्क्युमिनॉइड्सची भुकटी वेगळी करतात. हिशेब केला तर ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमागे सुमारे १६ ग्रॅम हळद लागते, म्हणजे पाच चमचे पूड. चौघांच्या घरात वरण-भाजीला दिवसभरात एवढी हळद पडत नाही. तेल, स्टार्च, तंतू आणि हळदीचा वास मागे राहतो. कॅप्सूलमध्ये जातो तो पिवळा रंग.

हा रंग वेगळा काढायची हौस दोनशे वर्षांची आहे. १८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए यांनी हळदीतून पिवळा पदार्थ बाजूला केला. त्याची रचना १९१० मध्ये कोस्तानेत्स्की, मिवोबेंद्झ्का आणि लाम्पे यांनी सांगितली. हे एक संयुग नसून तीन भावंडं, म्हणजेच कुर्क्युमिनॉइड्स, आहेत, हे १९५३ मध्ये श्रीनिवासन यांनी क्रोमॅटोग्राफीने दाखवलं. तोवर हा रसायनशास्त्राचा विषय होता. औषधशास्त्रात तो आणला भारतीयांनी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत श्रीमल आणि धवन यांनी १९७३ मध्ये कुर्क्युमिनचा दाहशामक गुण प्राण्यांवर मांडला. पुढे डॉ. आर. आर. सातोस्कर यांनी तो माणसांवर पाहिला. वैद्यकीच्या कित्येक पिढ्या ज्यांच्या फार्माकॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकावर शिकल्या, तेच हे सातोस्कर. हर्निया आणि हायड्रोसीलच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी रुग्णांना ४०० मिलिग्रॅम कुर्क्युमिन दिवसातून तीनदा दिलं. १९८६ साली छापलेल्या या अभ्यासात ते नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं. कॅप्सूलमधला शेकड्यांतला डोस अशा अभ्यासांच्या घरातला आहे.

मधल्या पेटंटच्या लढाईबद्दल मराठी वाचकाला फार सांगायला नको. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये निकाल भारताच्या बाजूने लागला. तो विजय मोठाच होता. पण तो होता जखमेवर लावायच्या हळदीचा. पोटात घेतलेली हळद रक्तात किती पोचते, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

कुर्क्युमिनची खरी गोम हीच आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यातून जे थोडं आत शिरतं, त्याला आतड्याचं अस्तर आणि यकृत लगेच ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडून बाहेरच्या वाटेला लावतात. १९७८ मध्ये स्वीडनमध्ये उंदरांना कुर्क्युमिन देऊन पाहिलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश विष्ठेतूनच बाहेर पडलं. यावरचा तोडगा जुन्या वैद्यकातून आला. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू आयुर्वेदाच्या असंख्य पाठांत का असतं, या प्रश्नामागे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल आणि त्यांचे सहकारी लागले. मिरीतलं पायपेरिन दुसऱ्या औषधांचं शोषण वाढवतं, असं त्यांना दिसलं. त्या धाग्यातून २००९ मध्ये क्षयरोगावरची अशी गोळी बाजारात आली, जिच्यात ४५०ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन पुरतं.

हळदीला मिरी जोडली गेली बंगळुरात. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांचा निबंध १९९८ मध्ये आला. स्वयंसेवकांना २ ग्रॅम कुर्क्युमिन नुसतं दिलं, तेव्हा रक्तात ते एक तर सापडलंच नाही किंवा नाममात्र सापडलं. सोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर पहिल्या तासाभरात पातळी चढली. लेबलावरचे २००० टक्के ते हेच. आकडा खरा आहे, पण ही वाढ जवळजवळ शून्यावरची आहे. त्याच निबंधात उंदरांमधली वाढ १५४ टक्के होती. तो आकडा कुणी बाटलीवर छापत नाही. शिवाय प्रयोगातलं पायपेरिन २० मिलिग्रॅम होतं, बाटलीतलं ५.

आता हैदराबाद. उस्मानिया विद्यापीठाशेजारी, तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेली ही संस्था १९५८ मध्ये इथे हलली. इथल्या लोकांनी हळदीला औषध न मानता अन्न मानून प्रश्न विचारले, आणि माझ्या मते सगळ्या इतिहासातले सर्वांत शहाणे प्रश्न तेच होते. डॉ. कमला कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये वर्षानुवर्षं धूम्रपान करणाऱ्या १६ जणांना महिनाभर रोज दीड ग्रॅम हळद दिली. अर्क नव्हे, पूड. त्यांच्या लघवीतून पडणारी जनुकांना इजा करणारी द्रव्यं लक्षणीय घटली. प्रयोग लहान होता, धूम्रपान सोडायला पर्याय तर मुळीच नव्हता. पण दीड ग्रॅम म्हणजे अर्धा चमचा. स्वयंपाकघराच्या आवाक्यातलं माप.

पुढचं काम त्याहून महत्त्वाचं आहे. मोतीबिंदूवर काम करणाऱ्या डॉ. जी. भानुप्रकाश रेड्डी यांच्या गटाने २००३ मध्ये उंदरांना गॅलॅक्टोजने मोतीबिंदू घडवून आहारात कुर्क्युमिन मिसळलं. ०.००२ टक्के मात्रेने मोतीबिंदू लांबला. मात्रा पाचपट, ०.०१ टक्के केली, तेव्हा तो सुरू व्हायला थोडा उशीर झाला, पण पिकला मात्र लवकर. २००५ मध्ये मधुमेही उंदरांवर प्रयोग झाला. तिथे कुर्क्युमिनपेक्षा तेवढंच कुर्क्युमिन असलेली अख्खी हळद जास्त उपयोगी ठरली. उंदरांवरून माणसांचा निर्णय करता येत नाही, हे खरंच. तरीही जास्त घेतलं की जास्त फायदा, या कॅप्सूलच्या सगळ्या व्यापाराच्या पायालाच ही दोन निरीक्षणं धक्का देतात, आणि ती परदेशातून नव्हे, आपल्या हळदीच्या मुलखातून आली आहेत.

बाजार मात्र दुसऱ्या दिशेला गेला. मिरी झाली, मग इटलीत फॉस्फोलिपिडमध्ये बांधलेलं कुर्क्युमिन आलं, जपानात अतिसूक्ष्म कणांचं, केरळात हळदीचंच तेल परत मिसळलेलं. काही ठिकाणी फायदा दिसलाही : थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीच्या रुग्णांत रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क चार आठवडे दिला, तेव्हा तो आयबुप्रोफेनच्या बरोबरीला टिकला. पण २०१७ मध्ये कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी शंभरावर चाचण्यांचा आढावा घेतला. काटेकोर, दुहेरी अंध चाचणीत कुर्क्युमिन यशस्वी ठरल्याचं त्यांना एकही उदाहरण मिळालं नाही. पी हळद अन् हो गोरी, ही घाई जुनीच आहे. आता ती वाढीव शोषणाच्या नावाने विकली जाते.

वाढवलेल्या शोषणाची किंमतही पुढे आली. अमेरिकेतल्या यकृत-इजा नोंदणीतून २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांनी यकृत बिघडलेले दहा रुग्ण मांडले गेले. दहातल्या सात जणांत एक ठरावीक आनुवंशिक खूण होती, एकाचा मृत्यू झाला, आणि तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तीन उत्पादनांत मिरीचा अर्क निघाला. त्याच वर्षी इटलीने अशा पूरकांवर इशारा छापणं बंधनकारक केलं. अन्नात रंग म्हणून कुर्क्युमिनची जन्मभर चालेल अशी मर्यादा जागतिक तज्ज्ञ समितीने किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला ती दिवसाला १८० मिलिग्रॅम होते. बाटलीतल्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ आहेत.

म्हणून माझा निवाडा असा. फोडणीतली हळद, आजारपणात मिरपूड घातलेलं हळदीचं दूध, यांना घाबरायचं कारण नाही. तेल, दूध आणि मिरी यांच्या संगतीत ती शतकानुशतकं मापात राहिली आहे. कॅप्सूल मात्र अन्न नाही, औषध आहे. पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ ठेवणाऱ्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नका, कारण पायपेरिन कुर्क्युमिनबरोबर तुमच्या बाकीच्या औषधांचंही प्रमाण रक्तात वाढवू शकतं. आणि आधीच घेत असाल, अन् लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.