इग्वानाचा पिंजरा आणि वऱ्हाडचा उन्हाळा

गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो ह्या सोळाव्या शतकातील स्पॅनिश इतिहासकाराने एक जिवंत इग्वाना व्हेनिस येथील रामुसिओ ह्या भूगोलज्ञाकडे धाडला, तेव्हा वाटेतला शिधा म्हणून त्याच्याबरोबर एक पिंपभर माती दिली होती. हा प्राणी मातीवर जगतो, अशी त्याची समजूत झाली होती. इग्वाना समुद्रावरच मेला. परक्या मुलखातील सरपटणाऱ्या प्राण्याला आपल्या घरी जगवू पाहणाऱ्या माणसाच्या अज्ञानाचा हा एक जुना दाखला होय. आणि त्यानंतरची सुमारे चारशे वर्षे ह्या अज्ञानाचे केवळ रूप बदलत गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण व दमट अरण्यांत, विशेषतः नदीकाठच्या वृक्षांवर राहणारा हिरवा इग्वाना आज भारतातील शहरांत पाळीव प्राणी म्हणून विकला जातो. अमरावती किंवा अकोला येथील एखाद्या घरात वीतभर लांबीचे त्याचे पिल्लू आणले, तर त्याच्यासाठी निवासस्थान कसे सिद्ध करावे, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासाचा नव्हे. परंतु ह्या प्रश्नाची जी उत्तरे छापील पुस्तकांतून मिळतात, ती कोठे व कोणत्या गरजेतून तयार झाली हे पाहू गेल्यास असे दिसून येते की, ती सर्व थंड देशांतील उत्तरे आहेत. थंडीने मरू घातलेल्या प्राण्याला ऊब कशी द्यावी, हा त्यांचा मूळ प्रश्न. वऱ्हाडातील प्रश्न वर्षाचे निदान चार महिने नेमका उलटा असतो.

काचेच्या पेटीचा उगम प्राण्यांसाठी झाला नाही. १८२९ मध्ये लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड ह्या वैद्याने पतंगाचा कोष एका बंद बाटलीत ठेवला असता आतील ओल्या मातीत नेचा उगवला व पाणी न घालताही तो जगला. शहरातील धुरापासून वनस्पतींचे रक्षण करणारी ही बंद पेटी पुढे वॉर्डच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली, ती अशाच पेट्यांतून. काचेआड एक निराळे हवामान टिकवून धरता येते, हा विचार तेथून प्राणिपालनात आला. १८४९ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये केवळ सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बांधलेली इमारत उघडण्यात आली. ह्या प्रकारची ती जगातील पहिली समजली जाते. परंतु तेथेही प्राणी दिसावा व निसटू नये, एवढाच प्रधान हेतू होता. ऊब सर्वत्र सारखी. वस्तुतः अनियततापी प्राण्याला एकच एक तापमान नको असते. उन्हातून सावलीत व सावलीतून उन्हात हिंडून तो आपल्या शरीराची उष्णता स्वतःच राखतो. ही निवड हिरावून घेतली की योग्य अंशावर ठेवलेली खोलीही त्याला घातक ठरते.

ही गोष्ट इमारतीच्या रचनेत प्रथम ठळकपणे उतरवली ती जोन प्रॉक्टर ह्या विदुषीने. १९२३ मध्ये ती लंडनच्या संग्रहालयात सरीसृप विभागाची प्रमुख झाली आणि तिच्या आराखड्याप्रमाणे उभारलेले नवे सरीसृपगृह १९२७ मध्ये उघडले. त्यात विजेच्या साह्याने पिंजऱ्याच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे तापमान ठेवण्याची सोय होती, आणि जंबुपार (अतिनील) किरण आत येऊ देणारी विशिष्ट काच वापरली होती. ह्या काचेमागे नुकताच घडलेला एक वैद्यकीय इतिहास होता. १९१९ मध्ये बर्लिन येथे हुल्डशिन्स्की ह्या वैद्याने मुडदूस झालेली मुले जंबुपार किरणांच्या दिव्याने बरी करून दाखवली होती. साधी काच हे किरण अडवते. त्यांवाचून कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्यावाचून अन्नातील कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही. खिडकीच्या काचेआड उजेडात बसलेला इग्वाना ह्या दृष्टीने अंधारातच बसलेला असतो. त्याचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात व सुजतात, पुढे झटके येतात. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत लाखांच्या संख्येने इग्वानाची पिले आयात होऊन घरोघर गेली, आणि त्यांतील पुष्कळ पहिले वर्ष संपण्यापूर्वीच मेली. अपुरी जागा, चुकीचे अन्न व जंबुपार किरणांचा अभाव ही त्याची कारणे होत. प्रॉक्टरच्या इमारतीला तोवर साठाहून अधिक वर्षे झाली होती, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वऱ्हाडात सरपटणारा प्राणी हौसेने पाळण्याची परंपरा दिसत नाही. घोरपड येथील माणसाच्या चांगल्या ओळखीची. सिंहगडच्या कथेमुळे आणि घोरपडे ह्या आडनावामुळे ती मराठी मनात कायमची बसली आहे (१६७० च्या त्या प्रसंगातील घोरपडीला समकालीन पुराव्याचा आधार नाही, हा भाग वेगळा). परंतु ही ओळख रानातली आहे, पिंजऱ्यातली नव्हे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, १९०२ च्या कायम पट्ट्यानंतर १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला, आणि कारभाराबरोबर वऱ्हाडच्या माणसाचे प्राणिसंग्रहालयही नागपुरात राहिले. तेथील महाराजबाग मूळची भोसल्यांची. १८९४ मध्ये तिच्यात प्राणिसंग्रहालय झाले. नागपुरातील ह्या संग्रहालयाचा कारभार पुढे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे आला. पुण्यात १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे हे ७२ विषारी सापांसह ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले आणि १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. ह्या घटनेने मराठी वाचकाची सापाविषयीची भीती बरीच कमी केली. मात्र प्राण्याला काय हवे असते, हा प्रश्न त्यातून पुढे आला नाही.

तेव्हा इग्वानासाठी परंपरेचा आधार शोधावयाचा तर तो प्राणिपालनात नव्हे, घरबांधणीत शोधला पाहिजे. मे महिन्यात अकोल्याचा पारा दुपारी ४२–४३ अंश सेल्सियसवर असतो. ४५ च्या वरही अनेकदा जातो. हवेतील सापेक्ष आर्द्रता दुपारी २० टक्क्यांच्या खाली येते. इग्वानाच्या पिलाला दिवसा सभोवती २६ ते २९ अंश, ऊन खाण्याच्या एका जागी ३२ ते ३५ अंश, आणि आर्द्रता ६५ ते ८० टक्के लागते. म्हणजे उष्णता अतोनात व ओलावा अत्यल्प, अशी दुहेरी अडचण. इंग्रज अधिकाऱ्यांनी ह्या उन्हाळ्यावर काढलेला तोडगा म्हणजे पळून जाणे: १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस पडलेले चिखलदरा, सुमारे ११०० मीटर उंचीवरील, ह्याच कारणाने हवा खाण्याचे ठाणे झाले. ज्यांना पळता येत नव्हते त्यांनी धाब्याची जाड मातीची घरे बांधली आणि दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या. बांबूच्या चौकटीत वाळा भरून त्यावर पाणी शिंपडण्याच्या ह्या युक्तीचे वर्णन अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे, व तिचे श्रेय तो अकबराला देतो. १५९६ मध्ये मोगलांकडे गेलेल्या वऱ्हाड सुभ्याचे वर्णनही त्याच ग्रंथात येते. दरबारी ग्रंथकाराने दिलेले श्रेय जसेच्या तसे मानण्याचे कारण नाही. पण युक्ती जुनी आहे एवढे निश्चित. आज वऱ्हाडातील घरोघरी उन्हाळ्यात जो कूलर लागतो, तो ह्याच ताटीचा विजेवर चालणारा वंशज होय.

ह्या युक्तीचे गणित इग्वानाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ४३ अंशांची व १५ टक्के आर्द्रतेची हवा ओल्या ताटीतून जाताना बाष्पीभवनाने थंड होऊ लागली, तर तिची अखेरची सीमा सुमारे २३ अंश असते. व्यवहारात ती २७–२८ अंशांवर येते, आणि तेथे तिची आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे गेलेली असते. म्हणजे अमेरिकेच्या नदीकाठच्या अरण्यातील हवेशी बरेच साम्य असलेली हवा वऱ्हाडच्या मे महिन्यात ओल्या वाळ्यातून मिळते. याउलट वातानुकूलन यंत्र तापमान उतरवते, पण हवेतील ओलावाही काढून घेते. त्या खोलीत पिलाची कात नीट निघत नाही, बोटांवर व शेपटीवर तिची वळी अडकून राहतात आणि रक्तपुरवठा तुटून तो भाग झडतो. अधिक खर्चाचे साधन येथे अधिक वाईट ठरते. कूलरमध्ये एक उणीव आहे: वीज गेली की तो थांबतो. २००५ च्या सुमाराची भारनियमनाची वर्षे ज्यांना आठवतात, त्यांना हे सांगावयास नको. हाताने भिजवलेली ताटी किंवा गोणपाट मात्र चालू राहते, म्हणून पिंजऱ्याच्या वाऱ्याकडील बाजूस ते असणे आवश्यक. मात्र कूलरचा झोत पिलावर सरळ येता कामा नये.

ह्यावरून पिंजऱ्याची बांधणीही ठरते. चारही बाजूंनी काच असलेली मत्स्यपेटी, जी दुकानात बहुधा प्रथम हाती ठेवली जाते, ती येथे त्याज्य मानली पाहिजे. लंडनमध्ये ती ऊब धरून ठेवते. अकोल्यात तेच तिचे दूषण, आणि तिच्यावर ऊन पडले तर काही मिनिटांत पिल्लू मरते. लाकडी चौकट, दोन बाजूंना प्लास्टिकचे आवरण असलेली बारीक जाळी (उघड्या तारेवर पिलाचे नाक सोलवटते) आणि मागची बाजू फळीची, ही रचना इष्ट. पिलाच्या पहिल्या काही महिन्यांपुरता पिंजरा सुमारे ९० सेंटिमीटर उंच व ६० सेंटिमीटर रुंद पुरेसा होतो. उंची महत्त्वाची, कारण हा प्राणी जमिनीवर निर्धास्त होत नाही आणि वरून हात आला की शिकारी पक्षी आल्यासारखा बिथरतो. आत पेरूच्या किंवा चिंचेच्या, पिलाच्या अंगाहून जाड अशा तिरप्या फांद्या असाव्यात. कण्हेरीची फांदी कधीही वापरू नये, ती विषारी आहे. तळाशी वाळू किंवा भुसा नको, तो गिळला जाऊन आतडे तुंबते. साधा कागद उत्तम. वरच्या टोकाला उष्णतेचा दिवा जाळीबाहेर, आणि जंबुपार किरणांची नळी बसण्याच्या फांदीपासून वीतभर किंवा थोड्या अधिक अंतरावर, मध्ये काच न घालता. नळी दिसावयास उजळ असली तरी तिचे किरण वर्षाच्या आत मंदावतात, म्हणून ती बदलावी लागते. थर्मामीटर एक नव्हे, दोन: एक वर, एक खाली.

दिव्यापेक्षा मोठी देणगी मात्र वऱ्हाडच्या आकाशाची आहे. सकाळी आठ-नऊच्या सुमारास जाळीचा पिंजरा अर्धा झाकून अंगणात ठेवला, तर प्रॉक्टरने विशेष काच लावून जे साधले ते येथे विनासायास मिळते. झाकलेला अर्धा भाग वगळला तर हेच स्नान जीवघेणे होते. आणि मांजर व कावळा ह्यांच्यामुळे पिंजऱ्यापासून नजर हलवता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा मात्र विलायती पुस्तकातील सूचना शब्दशः पाळाव्यात: प्रकाश न देणारे उष्णतेचे साधन पिंजऱ्याबाहेर लावून रात्र २२–२३ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये.

पाण्याविषयी पुस्तके काहीच बोलत नाहीत, कारण ती जेथे लिहिली गेली तेथे हा प्रश्न नव्हता. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील विहिरीचे पाणी पिलाला पिण्यास अयोग्य, आणि ताटीवर घातले तर क्षारांचे थर जमून तिच्यातून वारा जाईनासा होतो. नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणीच वापरावे. अन्नाच्या बाबतीत हा प्रदेश उलट संपन्न आहे. इग्वाना पूर्ण शाकाहारी. पूर्वी त्याला किडे व मांस देण्याची जी पद्धत पाश्चात्त्य देशांत होती, तिने त्याची मूत्रपिंडे निकामी होत. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने व फुले, भोपळ्याची पाने हे त्याचे नित्याचे खाणे होऊ शकते. पालक क्वचित द्यावा, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते.

आता कायद्याचा भाग. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने घोरपडीला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. मेळघाटच्या पायथ्याशी सापडलेले तिचे पिल्लू घरी ठेवणे हा गुन्हा आहे. जी शेकडो वर्षे शेताच्या बांधावर शेजारी राहिली ती निषिद्ध, आणि जिचा ह्या मातीशी काही संबंध नाही ती इग्वानाची जात पुष्कळ काळ ह्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर! आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंधांत इग्वाना १९७७ पासून होता, परंतु देशात आलेल्या प्राण्याची नोंद ठेवणारी व्यवस्था नव्हती. २०२० मध्ये केंद्र शासनाने स्वेच्छेने माहिती जाहीर करण्याची मुभा दिली. अधिनियमात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी आवश्यक केली. जन्म, मृत्यू व हस्तांतर हे सर्व आता कळवावे लागते. पिल्लू घेताना त्याचे कागदपत्र मागणे हा त्यामुळे पिंजऱ्याच्या तयारीचाच पहिला भाग झाला आहे.

आणि ती तयारी एकदाच करून भागत नाही. वीतभर पिल्लू तीन-चार वर्षांत शेपटीसह दीड मीटरपर्यंत वाढते आणि पंधरा वर्षेही जगते. त्या वेळी त्याला माणसाच्या उंचीचा, आत वळण्याइतका रुंद असा जाळीचा कोठा लागतो. वऱ्हाडी घरात तो परसातील निंबाच्या सावलीला, भिंतीला टेकून, पश्चिमेच्या अंगाला वाळ्याची ताटी लावून उभा करावा लागेल. ज्या घराला एवढी जागा नाही, तेथे ९० सेंटिमीटरचा पिंजरा करावयास घेण्यापूर्वीच ह्या कोठ्याचे माप जमिनीवर खडूने आखून पाहिलेले बरे.