शजरा आणि कोतवाल बुक

खेड्यातल्या मराठी मुसलमानाला त्याच्या पूर्वजांविषयी विचारा. पणजोबांच्या नावापाशी तो थांबतो आणि तिथून एकदम अरबस्तानात नाही तर इराणात पोहोचतो. मधली कित्येक शतके कोणत्याच शजऱ्यात नसतात. त्या काळात कोणी कापूस पिंजला, कोणी माग चालवला, कोणी हत्यारांना धार लावली. ही माणसे खानदानाच्या बढाईत बसत नाहीत, सरकारी दप्तरात मात्र सापडतात.

पहिली जागा कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंदवही. जुनी पाने मोडीत असतात. निजामी अमलातल्या मराठवाड्याचे महसुली दप्तर पुष्कळसे उर्दूत. नोंदीत बापाचे नाव, जात, 'मुलगा' की 'मुलगी' एवढेच. बाळाचे नाव बहुधा नसतेच, कारण नाव ठेवण्याआधीच वर्दी दिलेली असे. म्हणून ही नोंद फेरफाराशी (गाव नमुना ६) आणि शाळेच्या रजिस्टराशी जुळवावी लागते. वारसाच्या फेरफारात विधवा आणि मुली नावानिशी भेटतात, हे त्याचे वेगळे मोल.

हा केवळ हौसेचा मामला नाही. १९९४ पासून महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींना सवलती मिळू लागल्या, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' असले की नातवाचा दाखला अडतो. 'पिंजारी' किंवा 'मोमीन' हा एक शब्द मिळाला तर कॉलेजातली जागा मिळते. ज्या शब्दाची लाज वाटून घराण्याने 'शेख' लावले, तोच आता शोधावा लागतो!

हल्ली काहीजण लाळेचा नमुना देऊन डीएनए तपासून घेतात. त्यातून काय कळते? वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून. दप्तराने जिचे नाव लिहिले नाही त्या आईची वाट इथे उरते, हे खरे. पण दहा पिढ्या मागे पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाचीच साक्ष देते. तो एक अरब निघाला तरी उरलेल्या १,०२३ जणांचे काय? भारतातल्या काही मुस्लिम गटांवरचे २०१० मधले संशोधन सांगते की त्यांचा वारसा मुख्यतः इथलाच आहे, पश्चिम आशियाचा अंश थोडा. शिवाय आपल्याकडे चुलत-मामे भावंडांत लग्ने होतात. तोच तुकडा दोन वाटांनी येतो आणि दूरचा नातलग जवळचा भासतो. आणि पिंजारी कोण होता, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात हीच जुनी दप्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणावे लागले. त्या वह्यांत त्याच गावांतले पिंजारी, मोमीन, शिकलगारही आहेत. काम कुणबी नोंदींचे होते, म्हणून याद्या तेवढ्याच निघाल्या.