बंगळूरच्या घरातील पहिला दूरचित्रवाणी संच

ज्या नगरीत एखादी वस्तू घडते त्याच नगरीला ती उशिरा लाभावी, असे व्यवहारात पुष्कळदा घडते. बंगळूरची गोष्ट काहीशी अशीच आहे. १९५४ साली तेथे स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात सत्तरीच्या दशकात कृष्णधवल चित्रनलिका तयार होऊ लागल्या. दूरचित्रवाणी संचातील सर्वांत महागडा भाग तो हाच. मुंबईत १९७२ साली आणि पुण्यात १९७३ साली चित्रे दिसू लागली, तरी खुद्द बंगळूरकरांना घरबसल्या पाहता येण्याजोगे काहीच नव्हते.

राज्यातील खेडीदेखील राजधानीच्या पुढे गेली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेने वापरावयास दिलेल्या उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांतील गावकरी सायंकाळी एकाच सार्वजनिक संचासमोर बसत. शेजारी तारेच्या जाळीची सुमारे ३ मीटर व्यासाची छत्री आकाशाकडे तोंड करून उभी असे. देशाजवळ पैसा मोजका होता. तो प्रथम कोणासाठी वेचावा, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते.

नोव्हेंबर १९८१ मध्ये बंगळूरला दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले आणि मोजक्या पैशाचा हा प्रश्न घरोघरी येऊन बसला. शिक्षक, कारकून किंवा गिरणीतला कामगार यांना संच म्हणजे अनेक महिन्यांच्या शिलकीची खरेदी. हैदराबादचा ई.सी., मद्रासचे सॉलिडेअर व डायनोरा, केरळचा केल्ट्रॉन अशी दक्षिणेतली नावे समोर होती. पडदा जितका मोठा, तितकी किंमत चढती. दुकानात सरकत्या दारांची भव्य लाकडी पेटी मन मोहून घेई. परंतु लहानशा खोलीत, चार हातांवरून पाहावयाचे असता, त्या भव्यतेचा उपयोग काय? शिवाय संचाच्या किमतीपाशी खर्च थांबत नसे. छपरावर ॲल्युमिनियमचा अँटेना, विजेचा दाब सावरणारा स्टॅबिलायझर आणि टपाल कचेरीत भरावयाचे वार्षिक परवाना शुल्क, हे सारे हिशेबात धरावे लागे. बिघाड झाल्यास दुरुस्त करणारा जवळ आहे की नाही, हेही शहाणा गिऱ्हाईक आधी विचारून घेई.

एवढ्यात एक नवाच पेच उभा राहिला. १५ ऑगस्ट १९८२ रोजी देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. रंगीत संचाची किंमत कृष्णधवलाच्या कितीतरी पट. ज्याने नऊच महिन्यांपूर्वी शिल्लक मोडून संच घेतला, त्याची फसगत झाली काय?

तशी ती झाली नाही. आणि याचे श्रेय रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीला द्यावे लागते. भारताने पत्करलेल्या ‘पाल’ पद्धतीत चित्रातील उजेड-अंधाराचा संदेश आणि रंगांचा संदेश अशा रीतीने गुंफलेले असतात, की जुना संच पहिला तेवढा उचलतो आणि दुसरा सोडून देतो. रंगीत कार्यक्रम त्याच्यावर करड्या छटांत, पण संपूर्ण दिसे. नव्या युगाची योजना आखताना जुन्या संचाच्या मालकाला विसरले गेले नव्हते. म्हणून ज्याची ऐपत बेताची, त्याने रंगासाठी वर्षानुवर्षे थांबण्याचे कारण उरले नाही.

आणि ज्यांना तोही संच परवडला नाही, त्यांचे काय? एका अंगणाभोवती दाटीने वसलेल्या भाडेकरूंच्या बिऱ्हाडांना बंगळुरात ‘वठार’ म्हणतात. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा देशभर शेजारीपाजारी जसे एका संचापुढे जमले, तसेच या वठारांतही जमले. सतरंजी घरमालकाची, संच भाडेकरूचा आणि प्रेक्षक साऱ्या अंगणाचे. रायचूरकडील खेड्यांत बारा वर्षांपूर्वी मंडळी अशीच दाटीवाटीने बसली होती.