क्राउडटँगल विकलं गेलं, त्यात आपलं काय गेलं?

गेल्या महिन्यात विद्यापीठातली एक संशोधक विद्यार्थिनी भेटायला आली होती. विषय, आपल्याकडचे नामांतराचे वाद. १९७८ चं तिला बरंच सापडलं होतं. २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला, ते सगळं वर्तमानपत्रांच्या फायलींत आहे. पानं पिवळी पडलीत, कोपरे तुटलेत, पण हातात येतात. ती अडली २०२२ वर. २९ जूनला एका मंत्रिमंडळाने शहराला संभाजीनगर नाव दिलं, १६ जुलैला दुसऱ्याने त्यापुढे छत्रपती जोडलं. "सर, मधल्या दिवसांत फेसबुकवर कोण काय लिहीत होतं, ते कुठं बघायचं?"

दोन वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाला उत्तर होतं. त्याचं नाव क्राउडटँगल.

२०११ च्या सुमारास ब्रँडन सिल्व्हरमन आणि मॅट गारमर या दोघांनी अमेरिकेत हे सुरू केलं. आधी चळवळीतल्या लोकांना फेसबुकवर संघटन करता यावं म्हणून, मग बातमीदारांसाठी. फेसबुकवरची सार्वजनिक पानं, ग्रुप यांवर कुठली पोस्ट कधी पडली, तिला किती लाइक, किती शेअर, हे त्यात दिसायचं. खासगी काही नाही. व्हॉट्सॲपही नाही, म्हणजे २०१८ ला राईनपाड्यात ज्या अफवेने पाच माणसं मारली, तिथं याचा उपयोग शून्य होता. तरी जेवढं दिसायचं तेवढं आमच्यासारख्या तालुका-जिल्ह्याच्या पत्रकाराला पुष्कळ होतं. एका मित्राच्या लॉगिनवर मी ते वापरलं. एकदा जायकवाडीची पाइपलाइन फुटल्याचा व्हिडिओ शहरभर फिरला. शोधलं तर हुबेहूब तोच मजकूर दोन वर्षांपूर्वी एका पानावर पडलेला. बातमी थांबवली. नाहीतर अख्खं शहर टँकरवाल्याला फोन लावत बसलं असतं.

तर, नोव्हेंबर २०१६ मध्ये फेसबुकने ही कंपनीच विकत घेतली. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांचा सगळा माल फेसबुककडून येणारा. उद्या फेसबुकने हात आखडता घेतला की दुकान बंद. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याच्या हातात नळ, त्यालाच टाकी विकली. सुरुवातीला चांगलंच झालं. आधी पैसे पडायचे, ते वृत्तसंस्थांना फुकट मिळायला लागलं.

तशी खरेदीची ही रीत जुनीच. टॉप्सी नावाच्या कंपनीकडे २००६ पासूनचे सगळे ट्विट शोधायची सोय होती. ॲपलने ती डिसेंबर २०१३ मध्ये घेतली आणि दोन वर्षांनी बंद करून टाकली.

क्राउडटँगलचं बिनसलं २०२० मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचा केविन रूस त्यातूनच आकडे काढून, अमेरिकेत फेसबुकवर सर्वाधिक चालणाऱ्या दहा लिंकची यादी रोज ट्विटरवर टाकायला लागला. यादीत उजव्या विचारांची पानं वारंवार वर. फेसबुकचं म्हणणं, लोक प्रत्यक्षात काय बघतात ते यावरून कळत नाही. मुद्दा अगदीच खोटा नव्हता, लाइक-शेअर म्हणजे वाचकसंख्या नव्हे. पण मग खरे आकडे द्यायचे होते ना! ते राहिलं बाजूला, २०२१ मध्ये क्राउडटँगलची टीमच विस्कटली, सिल्व्हरमन बाहेर पडला. २०२२ च्या जानेवारीपासून नवीन लोकांना प्रवेश बंद.

१४ मार्च २०२४ ला मेटाने जाहीर केलं, १४ ऑगस्टला कायमचं कुलूप. बरोबर दोन दिवसांनी आपल्याकडे लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. आपलं मतदान १३ मे ला. मोझिला आणि शंभराहून जास्त संस्था-अभ्यासकांनी लिहिलं की जगभर निवडणुकांचं वर्ष आहे, निदान जानेवारी २०२५ पर्यंत थांबा. थांबले नाहीत. युरोपियन कमिशनने मात्र ३० एप्रिलला रीतसर कारवाई सुरू केली, तेव्हा युरोपच्या निवडणुकीसाठी २७ देशांचे वेगळे डॅशबोर्ड निघाले. धाक असला की निघतं.

बदल्यात मेटाची कंटेंट लायब्ररी आहे. विद्यापीठातले अभ्यासक आणि ना-नफा संस्थांनी अर्ज करायचा, सुरुवातीला अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या केंद्रामार्फत छाननी व्हायची. नफ्यावर चालणाऱ्या वृत्तपत्राला, मग ते चार पानांचं का असेना, दार बंद. त्या मुलीला अर्ज करता येईल. तसं मी तिला सांगितलं, इंग्रजीतला फॉर्म काढून दिला. मंजूर झाला तरी ज्या पोस्ट मधल्या काळात लोकांनी उडवल्या त्या कुठून यायच्या? वर्तमानपत्रात छापलेलं संपादकालाही मागे घेता येत नाही. इथं त्या जुलैत गल्लोगल्ली शिव्या घातलेले कितीतरी जण आज पान बदलून साळसूद बसलेत.

जुना मोबाइल कपाटात होता. चार्जर शोधून चालू केला. त्या दिवसांचे ४३ स्क्रीनशॉट निघाले, निम्म्यांवर तारीख नाही. पेन ड्राइव्हवर टाकून दिले. तुमच्यापैकी कुणाकडे जून-जुलै २०२२ चे असतील, तर डिलीट करू नका, तारखेसकट मला पाठवा.