प्रा. सेमूर पॅपर्ट : गणित-शिक्षण, संगणक आणि शिक्षक

आपल्या मंडळाच्या विद्यार्थी साहाय्यक निधीतून होतकरू मुलांना यापुढे वह्या-पुस्तकांऐवजी टॅब द्यावेत, अशी सूचना गेल्या वार्षिक सभेत काही तरुण सभासदांनी मांडली व तीवर पुष्कळ भवति न भवति झाली, हे ज्ञातिबांधवांस ठाऊक आहेच. त्या वादात एखाद्या पक्षाची तळी उचलण्यापेक्षा, मुलांच्या हाती संगणक द्यावा असे ज्या गणितज्ञाने अर्ध्या शतकापूर्वीच आग्रहाने प्रतिपादिले, त्याच्या जीवनकार्याचा वृत्तांत स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावा असे मनात आले. प्रस्तुत लेखक मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेला साधा शाळामास्तर आहे. संगणकशास्त्रात त्याची गती नाही. परंतु मुलांना गणित शिकविण्यात त्याची उमेदीची सारी वर्षे गेली. त्या दृष्टीने जे दिसले तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

सेमूर पॅपर्ट यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे २९ फेब्रुवारी १९२८ रोजी झाला. वडील कीटकशास्त्रज्ञ. त्से-त्से माशीच्या अभ्यासासाठी त्यांची रानावनांतून भटकंती चाले, त्यामुळे बाळपणाचा काही काळ मोटारी आणि त्यांचे सुटे भाग यांच्या सहवासात गेला. दोन वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांना मोटारीच्या भागांची नावे येत होती, आणि दातेरी चक्रांचे तर त्यांना वेडच लागले. एक चक्र फिरले की दुसरे किती फिरते, हा खेळ मनातल्या मनात चाले. पुढे शाळेत गुणाकाराची कोष्टके व दोन अव्यक्तांची समीकरणे पुढ्यात आली, तेव्हा ती चक्रेच मदतीला धावली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. मात्र याच आठवणीत त्यांनी एक इशाराही दिला आहे. प्रत्येक मुलाला चक्रांचा संच वाटला म्हणून प्रत्येक मूल गणिती होणार नाही. कारण आपण त्या चक्रांच्या प्रेमात पडलो होतो, आणि प्रेम काही संचाबरोबर वाटता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

त्यांच्या तरुणपणी त्या देशात वर्णद्वेषाची राजवट होती व पॅपर्ट तिचे कट्टर विरोधक होते. शाळकरी वयातच त्यांनी घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय नोकरांसाठी रात्रीचे वर्ग काढण्याचा यत्न केला. वडीलधाऱ्यांनी तो होऊ दिला नाही. आपल्याकडे महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात श्रमिक स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा चालविली, तिची येथे सहज आठवण होते. विद्या कोणाला द्यावयाची हा प्रश्न उभयत्र एकच होता.

१९५२ साली जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाची व १९५९ साली केंब्रिजची, अशा गणितातील दोन डॉक्टरेट त्यांनी मिळविल्या. पण गणिताच्या आकाशात रमलेला हा मनुष्य जमिनीवर आला तो जिनीव्हा येथे. १९५८ ते १९६३ या काळात त्यांनी सुप्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्यासमवेत काम केले. मूल म्हणजे रिकामी घागर नव्हे, ते स्वतःच्या ज्ञानाची इमारत स्वतः बांधीत असते, हा पियाजे यांचा सिद्धान्त त्यांनी तेथे आत्मसात केला. त्यानंतर ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आले. मार्विन मिन्स्की यांच्याबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेची धुरा त्यांनी वाहिली, आणि १९६९ साली दोघांनी मिळून ‘पर्सेप्ट्रॉन्स’ हा ग्रंथ लिहिला. त्या शास्त्राच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. आपल्या विषयाशी मात्र त्याचा संबंध थोडा, म्हणून तो येथेच सोडतो.

१९६७ साली वॉली फॉयर्झाइग, सिंथिया सॉलोमन आदी सहकाऱ्यांच्या साह्याने त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा सिद्ध केली. त्या काळी संगणक हा मोठ्या संस्थांनाच परवडणारा ऐवज होता. असे यंत्र शाळकरी पोरांच्या हाती द्यावे, ही कल्पना बहुतेकांना पोरकट वाटली असल्यास नवल नाही.

पुढे लेक्सिंग्टन गावच्या एका शाळेत लोगोचे प्रयोग चालू असता घडलेली हकीकत मला फार मोलाची वाटते. गणिताच्या वर्गाकडे जाताना पॅपर्ट यांना वाटेत चित्रकलेचा वर्ग लागे. तेथे मुले साबणाच्या वड्या कोरून मूर्ती घडवीत होती. एकेका वडीवर कित्येक आठवडे काम चाले. मूल कोरी, थांबे, स्वप्न पाही, शेजाऱ्याची मूर्ती न्याहाळी, पुन्हा कोरी. गणिताच्या वर्गात मात्र फळ्यावर उदाहरण पडले की पाच मिनिटांत उत्तर, आणि उत्तर चूक की बरोबर एवढाच निवाडा. गणित या साबणाच्या मूर्तीसारखे का होऊ नये, या प्रश्नाने त्यांना अनेक वर्षे झपाटले. आमच्या शाळांत हस्तव्यवसायाच्या तासाला टकळी फिरविणारा मुलगा व गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारा मुलगा हा एकच असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रश्नाची धार कळेल.

त्याचे उत्तर म्हणून लोगोत एक कासव आले. प्रथम ते जमिनीवर चालणारे खरेखुरे यंत्र होते, पुढे ते पडद्यावर आले. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ ही आज्ञा चार वेळा दिली की कासव चौरस काढते. मग मूल म्हणते, आता त्रिकोण. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे त्याला पाठ असते, म्हणून ते ६० अंश वळावयास सांगते, आणि त्रिकोणाऐवजी अर्धा षट्कोन उमटतो! आपल्या शाळेत येथे लाल फुली पडली असती. पॅपर्ट यांच्या पद्धतीत फुली नाही. मुलाने उठावे व स्वतःच कासव होऊन चालून पाहावे. चालताना कळते की आपण वळतो तो आतला कोन नव्हे, बाहेरचा. म्हणून १२० अंश हवेत. कोणत्याही साध्या बंद आकृतीभोवती फेरी मारून मूळ दिशेस तोंड करून आलो की एकूण ३६० अंश वळणे झाले, हे प्रमेय मूल पायांनी शिकते. एक पाऊल पुढे, एक अंश वळण, असे ३६० वेळा केले की डोळ्यांना वर्तुळच दिसते.

हे वाचनात आल्यावर मी शाळेच्या पटांगणात चुन्याची फक्की घेऊन मुलांना असेच चालविले. आमच्याकडे तेव्हा संगणक नव्हता. बहिर्कोनांची बेरीज वर्षानुवर्षे घोकूनही न कळलेल्या मुलांना ती अर्ध्या तासात कळली.

१९८० साली पॅपर्ट यांचा ‘माइंडस्टॉर्म्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्यांची कीर्ती जगभर पसरली. लेगो या डॅनिश खेळणी-कंपनीने १९९८ साली काढलेल्या यंत्रमानवाच्या संचाला या ग्रंथाचेच नाव दिले. शाळाशाळांतून लोगो शिरली, आणि येथेच घोटाळा झाला. पुष्कळ ठिकाणी यंत्र आणून ठेवले, आठवड्यास एक तास नेमला, शिक्षकाला चार आज्ञा शिकविल्या की काम संपले. १९८४ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातील संशोधकांनी तपासणी करून सांगितले की, वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांची कामाचे नियोजन करण्याची शक्ती इतर मुलांहून वाढलेली दिसत नाही. यावर पॅपर्ट यांचे उत्तर असे की, लाकडाने चांगली घरे होतात काय, हा प्रश्न जसा व्यर्थ, तसाच संगणकाने बुद्धी वाढते काय हा प्रश्न व्यर्थ. सुतार कोण, घर कोणासाठी, हे आधी विचारा. उत्तर चतुर आहे यात शंका नाही. तथापि हा सुतार घडवावयाचा कोणी, हे त्यांच्या आरंभीच्या लेखनात मला तितक्या ठळकपणे आढळले नाही. शाळा या संस्थेवरच त्यांचा फारसा विश्वास नव्हता; संगणक आला की जुनी शाळा आपोआप ढासळेल, असा त्यांचा सूर असे. येथे या थोर पुरुषाशी माझा मतभेद आहे. शाळा ढासळली नाही; तिने संगणकालाच आपल्या वेळापत्रकात कोंडून टाकिले.

त्यांचे प्रत्यक्ष कार्य मात्र त्यांच्या सिद्धान्ताहून शहाणे होते. १९८५ पासून बोस्टनच्या हेनिगन या सरकारी शाळेत त्यांच्या मंडळींनी काम केले. तेथे इडित हॅरेल या त्यांच्या विद्यार्थिनीने चौथीतील मुलांना एक काम दिले : खालच्या वर्गातील मुलांना अपूर्णांक शिकवील असा कार्यक्रम लोगोत तयार करा. मुले कित्येक महिने त्यात गुंतली. अपूर्णांकांना घाबरणाऱ्या एका मुलीला घर, सूर्य, गाडी अशा सगळ्याच वस्तूंत अर्धे दिसू लागले. दुसऱ्यास शिकविताना आपण शिकतो, हे शिक्षकाला काही नवे नाही. पण ते सुख मुलांच्या वाट्यास आले ही त्यातील थोरवी.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या लहानशा देशाचे उदाहरण तर आपल्या मंडळाच्या विचारार्थ मुद्दाम सांगण्याजोगे आहे. १९८७ साली तेथे ओमार डेंगो प्रतिष्ठान स्थापन झाले व १९८८ पासून शिक्षण मंत्रालयाच्या सहकार्याने प्राथमिक शाळांत लोगो आली. यंत्रे आय. बी. एम. ची होती. पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील शिक्षकांना प्रशिक्षण दिले. हे शिक्षक संगणकतज्ज्ञ नव्हते. ती नेहमीची प्राथमिक शिक्षक मंडळी, त्यांत स्त्रियाच अधिक. त्यांना आधी स्वतः शिकणारे केले गेले : चुका करा, शोधा, दुरुस्त करा, मग वर्गात जा. हा कार्यक्रम पुढे दशकानुदशके चालला. निधीतील शंभर रुपये खर्चावयाचे असतील तर किती यंत्रावर व किती शिक्षकावर, हा हिशेब टॅबची मागणी करणाऱ्यांनी सभेत अवश्य मांडावा.

आपल्या देशात १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाची योजना काढून सुमारे २५० शाळांत बी. बी. सी. मायक्रो नावाचे संगणक दिले. ज्यांनी ती यंत्रे मुख्याध्यापकांच्या खोलीत मखमली आच्छादनाखाली पाहिली असतील, त्यांस अधिक सांगणे नको.

२००५ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ही जागतिक योजना पुढे आली. निकोलस नीग्रोपाँटी हे तिचे प्रवर्तक, पण तिचा प्राण पॅपर्ट यांचा विचार. दरम्यान डिसेंबर २००६ मध्ये गणित-शिक्षण व तंत्रज्ञान या विषयावरील परिषदेसाठी पॅपर्ट व्हिएतनाममध्ये हनोई येथे गेले. त्या शहरातील वाहनांच्या अफाट गर्दीचे गणिती प्रारूप कसे मांडता येईल, याविषयी एका सहकाऱ्याशी ते बोलत होते. आणि रस्ता ओलांडताना मोटारसायकलीची धडक बसून त्यांच्या मेंदूस गंभीर इजा झाली. त्यातून ते वाचले, परंतु पूर्वीचे पॅपर्ट पुन्हा दिसले नाहीत. ३१ जुलै २०१६ रोजी अमेरिकेतील मेन राज्यात, ब्लू हिल येथे त्यांचे देहावसान झाले.

ते आजारी असतानाच, २००७ साली, त्या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट या कर्जतजवळच्या खेड्यातील लहानशा प्राथमिक शाळेत झाला. हिरवी-पांढरी छोटी यंत्रे त्या मुलांच्या हाती आली. तिकडे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने अशी आठ लाखांहून अधिक यंत्रे विकत घेतली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची तपासणी होऊन २०१२ साली अहवाल आला. मुलांना संगणक वापरता येऊ लागला होता. गणित आणि भाषा यांच्या परीक्षांत मात्र लॅपटॉप मिळालेली व न मिळालेली मुले सारखीच राहिली होती.